पूजेची केरसुणी

लोकांना वाटतं वीज म्हणजे काहीतरी आभाळातलं. कसलं काय! कोळसा जाळा, पाणी उकळा, वाफेनं चाक फिरवा, झाली वीज. परवा एक शिकलेला पोरगा सांगत होता, अणूच्या वीजघरातसुद्धा शेवटी पाणीच उकळतात. मी म्हटलं, बाबा रे, मग तिथंही वाफ आलीच. सांभाळा.

कारण खरी वाफ दिसत नाही. चहाच्या पातेल्यावर दिसते ती वाफ नव्हे, तिचं पुन्हा पाणी झालेलं असतं. बॉयलरच्या नळीतून फुटलेली वाफ नुसती शिट्टी मारते. कुठून, ते कळत नाही. म्हणून आमच्या वीजघरात रीत अशी, की लांब बांबूला केरसुणी बांधायची आणि ती पुढं धरून चालायचं. काड्या कापून पडल्या की तिथंच थांबायचं. नाहीतर माणूस कापला जातो.

भटू माझा मदतनीस, पाचोऱ्याकडचा. चौऱ्याऐंशीची दिवाळी. लक्ष्मीपूजन म्हणून जुनी केरसुणी मी सकाळीच फेकली, नवी बांबूला बांधली, हळदकुंकू वाहिलं. दुपारी शिट्टी वाजली. भटूनं बांबूला हात घातला तसा मी खेकसलो, "अरे, आत्ताच पूजा झालीय लक्ष्मीची! कापून आणतोस काय? लांबूनच बघून ये."

"रिकाम्या हाती जाऊ, धनसिंगनाना?"

"जा रे, मरत नाहीस!"

असं बोललो मी. माझ्याच तोंडानं.

भटू त्या वाफेत कापला गेला. चौकशीत मी सांगितलं, केरसुणी न्यायला विसरला तो. साहेबांनीही तेच लिहिलं. त्याच्या बायकोला, केसरबाईला, मी घरी जाऊन तेच सांगितलं. तेव्हापासून घरात कुकरची शिट्टी झाली तरी मला ऐकू येतं, रिकाम्या हाती जाऊ, नाना? शेवटी कुकरच देऊन टाकला. बायको अजून बोलते त्यावरून. भर उजेडातसुद्धा मी एक हात पुढं धरून चालतो, पोरं हसतात.

आणि ही केसरबाई! दर लक्ष्मीपूजनाला गाडीनं येते आणि वीजघराच्या फाटकावर माझ्या हातात नवी केरसुणी देते, हळदकुंकू लावलेली. "मना माणूस इसरना, दुसरं कोणी इसराले नको." मी ती घेतो आणि कपाटामागं टाकतो. पाच पडल्यात तिथं. हात लावायची छाती होत नाही.

यंदाची सहावी. ती घेऊन आत आलो आणि शिट्टी वाजली, भटू गेला त्याच मजल्यावर. रोजचा बांबू पहिल्या पाळीवाल्यांनी कुठं ठेवला होता देव जाणे. आधार नावाचा नवा मदतनीस तसाच निघाला. मी ओरडलो, "थांब, मेल्या!" एक काठी शोधली, तिला केसरबाईची केरसुणी बांधली आणि स्वतः पुढं झालो. सातव्या पावलाला काड्या गळून पडल्या, हळदीसकट. माझ्या छातीपासून चार हातांवर.

उरलेला बुडखा घेऊन मी फाटकावर गेलो. ती अजून तिथंच बसली होती, परतीच्या गाडीला वेळ होता. मी सगळं सांगितलं. खेकसलो तेही.

तिनं बुडखा उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजे तो इसरना नव्हता?"

"नव्हता, बाई."

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सहा वरीस," ती म्हणाली, "दिवा लावताना मी त्याना फोटोले रोज बोलनू. का इसरना रे, का इसरना."

मग पदर तोंडात धरून ती रडली. रडणं थांबल्यावर तिनं बुडखा पिशवीत घातला. "आज घर जाईसन त्याले सांगसू," म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता स्टेशनच्या रस्त्याला लागली.