आत आला की विझतो

गॅस हीटरची नखाएवढी निळी ज्योत थरथरली, टोकाला पिवळी झाली आणि विझली. पुन्हा. गुडघ्यांवर बसून त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या आणि कपाळाच्या आत कोणीतरी सावकाश स्क्रू पिळत होतं — रात्रभर धड झोप नाही, दुसरं काय... वादळात वीज गेली ती गेलीच, घर गारठलेलं, आणि या खोलीत खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. दवाखान्यात ड्यूटीवर निघताना बायको एवढंच म्हणाली होती, "आईला थंडी लागू देऊ नकोस." म्हणून तर त्याने खिडकीची फट न् फट चिकटपट्टीने बुजवली, दाराखाली चादर कोंबली. कवळ्या बनवणाऱ्याचा हात. केसाएवढी फटही त्याला सहन होत नसे. सासूबाईंची कवळीसुद्धा त्याचीच. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द म्हणजे आपल्याच कर्माचं फळ, असं तो मित्रांना सांगे.

"जावईबापू, कोंदट वाटतंय हो. खिडकी जरा उघडता का?"

"मग हीटर कशाला लावायचा, आई?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. आपलंच बोलणं त्याला लागलं...

त्याने सिलिंडरची चावी बंद केली, ते धूड निवू दिलं आणि उचलून अंगणात नेलं. गॅस गळतो का म्हणून नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, एकही बुडबुडा नाही. ज्योत निघते त्या तोंडाशी धूळ बसली होती, ती मऊ ब्रशने झाडली. पेटवला. आणि हा पठ्ठ्या भिंतीच्या आडोशाला गुणी बाळासारखा जळत राहिला! बंद करून आत आणला, पुन्हा पेटवला. थोडा वेळ जळला आणि विझला. त्याला वाटलं, माणूस असता तर कान पिळला असता. मग वाटलं, पेटवताना दाबायचं ते बटणच तारेने दाबून बांधून टाकलं तर? विझायची सोयच नको. तार हातात होती, वेढा देणं तेवढं बाकी होतं.

"बाहेर पेटतो आणि आत आला की विझतो?" सासूबाईंनी डोळे मिटूनच विचारलं. "माझंही तसंच झालंय. या खोलीत डोकं नुसतं जड, जड..."

डोकं. म्हणजे त्यांचंही — आणि आपलं ते जागरणाचं म्हणत होतो — आणि तो दुकानदार, हीटर बांधून देताना काहीतरी बडबडत होता, खोलीतली हवा कमी पडली की हा आपोआप बंद होतो, खिडकी थोडी उघडी ठेवा... आणि आपण मान डोलावली होती, दुकानदारांपुढे डोलावतो तशी.

तार खाली पडली. चावी फिरवून त्याने गॅस बंद केला, चिकटपट्टी ओरबाडून खिडकी सताड उघडली, सासूबाईंना ब्लँकेटात गुंडाळून, जवळजवळ उचलूनच, व्हरांड्यातल्या खुर्चीत आणलं. बायकोला फोन लावला.

"दोघंही आत पाऊल टाकू नका," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना घेऊन निघालेच."

डॉक्टरांनी दोघांना तपासलं, तोवर डोकी हलकी झाली होती. कोंडलेल्या खोलीत विषारी वायू साचत होता, वेळेवर बाहेर आलात, म्हणाले.

"बिघडलाय ना तो?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "हीटर चांगला आहे."

पुढचं — तारेचं — ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. सांगेल, कदाचित सांगेल... बोचरा वारा सरळ छातीत शिरत होता, दात वाजत होते, आणि शाल आणायला उठावं असं काही त्याला वाटत नव्हतं. वाजू दे थंडी, तो मनाशी म्हणाला, आणि पुन्हा एक लांब श्वास घेतला.