भिजत घोंगडं वाळत घातलं

मित्रांनो, अंगाला टोचणारी, काळीभोर, मेंढरांचा वास अजूनही न सोडलेली मी एक जुनी घोंगडी आहे. वरकुट्याच्या वाटेवर एक दगडी धर्मशाळा आहे, तिथल्या छोट्या संग्रहालयात मी राहते. शाळेत तुम्हाला 'भिजत घोंगडं' हा वाक्प्रचार शिकवतात ना? एखादं काम नुसतंच रेंगाळत ठेवलं की लोक माझं नाव घेतात. मला त्याचा फार राग यायचा. आता येत नाही, कारण त्याच वाक्प्रचाराने माझा जीव वाचवला.

माझी लोकर माळरानावरच्या मेंढ्यांची. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या म्हाळसाबाईंनी ती पिंजली, सूत कातलं. त्यांच्या मालकांनी मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणलं. पुढे पावसात मी त्यांच्या डोक्यावरची खोळ झाले, थंडीत अंथरूण झाले, नुकत्याच जन्मलेल्या कोकरांना ऊब दिली. घरी पाहुणा आला की आधी मला अंथरायचे, मग पाण्याचा तांब्या यायचा. बिरोबाच्या पूजेला देवापुढे माझाच मान. तेव्हा मी भारी भाव खायचे, खोटं कशाला बोलू?

मग कालव्याचं पाणी आलं, माळावर ऊस उभा राहिला आणि मेंढरं विकली गेली. मालकही वारले. घरात मऊ, रंगीत ब्लँकेटं आली आणि मी ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन पडले. म्हाळसाबाईंना ते बघवेना. धर्मशाळेत नवं संग्रहालय निघालंय असं कळताच त्यांनी मला झटकून, घडी घालून तिथे नेलं. समितीचे अध्यक्ष गेणूतात्या समोर होते.

"तात्या, माज्या घरधन्याच्या हातची येवढीच वस्तू ऱ्हायलीया. जीवापाड जपा," त्या म्हणाल्या.

"पार काचंत ठिवतो बघा," तात्यांनी शब्द दिला.

तात्यांनी शब्द पाळला, आणि तिथेच पंचाईत झाली! वस्तू टिकाव्यात म्हणून एसी बसवला आणि त्याचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून धर्मशाळेच्या भिंतींतले झरोके प्लायवूड ठोकून बंद केले. मला काचेच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या उग्र वासात ठेवलं. वर दिवसभर ट्यूबलाइट. पण आमच्याकडची वीज म्हणजे पाहुणी, आली तर आली. वीज गेली की खोली तापायची, आली की पुन्हा गार पडायची, आणि काचेला आतून घाम सुटायचा. मी कायम ओलसर राहू लागले. लोकर खाणारी बारीक अळी, तिला कसर म्हणतात, माझ्या काठाला लागली. शेजारची चामड्याची मोट बुरशीने पांढरी पडली. उघड्या माळावर पावसाला न भ्यालेली मी बंद कपाटात कुजत होते. म्हाळसाबाई आल्या की काचेवर तळहात टेकून उभ्या राहायच्या. त्यांना आतलं काही कळत नव्हतं.

१९९६च्या श्रावणात शेजारच्याच खोलीत समितीची बैठक भरली. एसी अखंड चालावा म्हणून डिझेलचा जनरेटर आणायचा, की खोलीला कुलूप ठोकायचं, यावर वाद चालला होता. माझा निकाल आधीच लागला होता. कसर बाकीच्या वस्तूंना लागू नये म्हणून मला जाळायचं ठरलं होतं. जनरेटरचं काही ठरेना, तेव्हा तात्या टेबलावर हात आपटून ओरडले, "किती दिस ह्ये भिजत घोंगडं ठिवायचं? आजच्या आज वाळत घाला!"

राखणदार बिरू नेमका तेव्हाच चहा घेऊन दारात आला होता. त्याला वाटलं, आपल्यालाच हुकूम झाला. तो कपबश्या ठेवून तडक माझ्याकडे आला आणि त्याने कपाट उघडलं.

"खरंच की, वलीकिच्च झालीया," तो पुटपुटला.

बाहेर पावसाची भुरभुर चालली होती, म्हणून त्याने मला आतच वाळवायचं ठरवलं. मग बिरूने पश्चिमेच्या भिंतीतल्या खालच्या झरोक्याची फळी उचकटली. समोरच्या भिंतीत छताजवळ दुसरा झरोका होता, तोही मोकळा केला. मधे दोरी बांधून मला वाळत घातलं.

आणि मित्रांनो, काय सांगू! खालून वारा आत शिरला. माझ्या अंगातून, मोटेवरून, जात्यावरून फिरत तो वरच्या झरोक्यातून निघून गेला. मागोमाग पुन्हा नवा वारा आला. थबकला नाही, थकला नाही. उजेड एवढा मऊ पडला की भिंतीवरचे छिन्नीचे घाव मला पहिल्यांदाच दिसले. मी थक्क झाले. कुणाचे असतील ते हात? कुणी ओळखली असेल वाऱ्याची वाट? खोली श्वास घेत होती, आणि इतकी वर्षं आम्हीच तिचं नाक दाबून बसलो होतो.

तेवढ्यात समिती आत आली.

"आरं बिरू, ह्ये काय केलंस?" तात्या गरजले.

"तुमीच म्हनला न्हवं, भिजत घोंगडं वाळत घाला म्हनून!"

सगळे खो खो हसले. पण तात्यांचं हसू मधेच थांबलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"खोली गार कशानं पडली रं? एसी लावलास व्हय?"

"लाईट कुठं हाय, तात्या? सकाळधरनं गेलीया."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि झरोक्यासमोर हात धरला. मग हळूच म्हणाले, "बांधनाऱ्यानं समदं करून ठिवलं व्हतं. आमी त्यावर फळ्या ठोकल्या."

जनरेटरचा विषय तिथेच संपला. एसी उतरला. सगळे झरोके उघडले आणि किडे येऊ नयेत म्हणून त्यांना बारीक जाळी लावली. मला जाळायचा बेतही मोडला; झटकून, ऊन देऊन, कसर काढून मला वेळूच्या काठीवर टांगलं. माझा काठ तेवढा कुरतडलेला राहिला.

पुढच्या खेपेला म्हाळसाबाई आल्या. सवयीने त्यांनी हात पुढे केला, पण काच नव्हती. तळहात थेट माझ्यावर टेकला. कुरतडलेल्या काठावरून त्यांची बोटं फिरली आणि डोळे भरून आले. इतक्यात वाऱ्याने मी हलले, माझा पदर त्यांच्या गालाला लागला.

"वारा खातीया," त्या म्हणाल्या. "त्येंच्या खांद्यावर अशीच हलायची."

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे. जुनं काही जपायला निघालात तर मोठं यंत्र आणण्याआधी त्या वास्तूच्या भिंतीला हात लावून बघा. ती उभारणारे आपल्या आधीच खूप काही जाणत होते. आणि हा विषय तेवढा भिजत ठेवू नका. आजच जाऊन एक झरोका उघडा.