डोरोथीच्या धाग्याची माशी

ओमानातल्या सहम गावी एका शेतावर तांबडा कोंबडा कुंपणावरून उडाला. त्याचं एक पीस मागे राहिलं.

डोरोथीच्या जांभळ्या झग्याची शिवण उसवली.

बौशरच्या मॉलमध्ये बिनरंगी नेलपॉलिश मिळालं.

अल हैलच्या किनाऱ्यावर एक माणूस लांब काठीच्या दोरीला लोकरीचा गोंडा बांधून कोरड्या वाळूवर मासे पकडत होता.

मी एक जुनी माशी आहे. मित्रांनो, लगेच हाकलू नका. तुमच्या भातावर बसते ती मी नव्हे. ते पीस, तो जांभळा धागा आणि धागा सुटू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब, हे सगळं एका बारीक गळावर बसवलं की मी होते. ट्राउट नावाचा मासा डोंगरातल्या थंड, धावत्या पाण्यात राहतो आणि पाण्यावर उतरलेले किडे खातो. त्याला फसवायला माणसं पिसांचा खोटा किडा करतात. तो खोटा किडा मी.

ओमानात ट्राउट नाही. तरी माझा जन्म अल हैलचा, कारण फ्रेडरिक तिथे राहतो.

फ्रेडरिक मूळचा वसईचा, मस्कतमध्ये एका हॉटेलचे एसी सांभाळतो. तरुणपणी तो हिमाचलात नोकरीला होता. तिथल्या नदीत त्यानं एकदा ट्राउट उसळताना पाहिला आणि तो त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही. दरवर्षी सुट्टीत आधी वसई, मग हिमाचल. दरवर्षी रिकामे हात. परत आला की तो पुन्हा वाळूवर गोंडा फेकून सराव करायचा.

सहमहून भाजीची गाडी आणणारे हुसैनमियाँ एकदा थांबून विचारते झाले, "फ्रेडीभाई, रेत में कौन सी मछली लगती है?"

"लगेगी, हुसैनमियाँ. इन्शाल्ला."

पुढच्या खेपेला त्यांनी शेतमालकाच्या कोंबड्याचं ते पीस आणलं. "अर्बाब के मुर्गे का है. इससे भी नहीं फँसी, तो मुर्गा ही पका लेना!"

पण फ्रेडरिकला आता जवळचं नीट दिसेना. पीस सारखं हातातून निसटायचं. शेवटी त्याची बायको डोरोथी उठली. तिनं पकडीत गळ धरला आणि उसवलेल्या झग्याचा धागा दातानं तोडला.

"डोरा, ही माशी आहे की झुरळ?"

"तुला खायची आहे का? मग गप्प बस."

ती फ्रेडरिकची ओमानमधली शेवटची सुट्टी होती. पुढच्या वर्षी नोकरी खलास, कायमचं वसईला. यंदाही मासा लागला नाही तर पुन्हा कशाला जायचं, असं तो स्वतःशीच म्हणाला. मी डबीत होते, मला ऐकू आलं.

डोरोथी मात्र नेहमीच्या तयारीनं निघाली. तिच्या पिशवीत बॉटल मसाला होता. त्यांच्याकडे मासा तळायचा तो याच मसाल्यात. दर सुट्टीत तो हिमाचलापर्यंत जायचा आणि मासा न बघता परत यायचा.

नदीत फ्रेडरिकनं मला फेकलं. एका खडकामागच्या संथ पाण्यावर मी अलगद उतरले, वाळूवर गोंडा उतरायचा तशीच. पाणी इतकं गार की माझं पीस शहारलं. खालून एक तोंड आलं.

"डोरा! डोरा! जाळी आण!"

डोरोथी चपलांसकट पाण्यात शिरली. मासा जाळीत आला. तपकिरी अंग, त्यावर तांबडे ठिपके. फ्रेडरिकनं हात ओले करून त्याला पाण्यातच धरला आणि मला त्याच्या ओठातून सोडवलं. मासेमारीच्या परवान्यात लिहिलेल्या मापापेक्षा तो मोठा होता, म्हणजे न्यायला मोकळीक होती. फ्रेडरिकचे डोळे भरले होते.

"आण तुझा मसाला," तो म्हणाला.

डोरोथीनं माशाच्या पाठीवरून एक बोट फिरवलं.

"सोड त्याला."

"काय?"

"उद्या वसईला जाऊन दिवसभर करणार काय तू? माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड? त्यापेक्षा हा इथे असू दे. पुढच्या मे महिन्यात याला भेटायला येऊ."

फ्रेडरिकनं हात उघडले. मासा क्षणभर तिथेच थांबला, मग गेला.

अल हैलला घरी आल्यावर माझं कौतुक फार टिकलं नाही. शर्टाच्या खिशात विसरले गेले आणि वॉशिंग मशीनमध्ये गरगरले. खाऱ्या हवेनं गळाला गंज धरला. शेवटी डोरोथीलाच मी सापडले. तिनं गंज घासला आणि फ्रेडरिकनं मला हेअर ड्रायरनं वाळवलं. पिसाचे दोन-चार तंतू गळाले आहेत, पण मी खुशीत आहे. सध्या खिडकीतल्या बुचाला टोचून बसले आहे. शेजारी वसईला जायच्या बॅगा भरल्या जात आहेत. गळाची काठी सगळ्यात आधी बांधली.

मित्रांनो, माझ्यासारखं काही तुमच्या घरी असेल तर वापरून झाल्यावर कोरडं करून ठेवा. आणि मासा सोडायचा असेल तर त्याला ओल्या हातांनीच धरा. कोरड्या हातांनी त्याची कातडी दुखावते.

त्या दिवशी नदीकाठी बॉटल मसाला बटाट्यांना लागला.