खुडूक पेटी आणि माझा सूड

मित्रांनो, मी एक जुना लेव्हल शिफ्टर आहे, आणि मी काहीही विसरलेलो नाही.

बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, एवढाच माझा देह. माझ्या एका बाजूला पाच व्होल्टवर चालणारा मेंदू असतो, दुसऱ्या बाजूला तीन व्होल्टचा नाजूक सेन्सर. दोन तारांवरून ते एकमेकांशी बोलतात आणि ते बोलणं दोघांनाही सोसेल असं मी करतो. या तारांची एक रीत आहे. बोलायचं असेल त्यानं तार खाली ओढायची, झालं की सोडून द्यायची. वर ढकलायची कुणीच नाही. ती रीत मी जन्मभर पाळली.

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या अनुयाने मला एका लाकडी पेटीत बसवलं. अंडी उबवायची ती पेटी डोंगरापायथ्याच्या कातकरीवाडीतल्या चिंगीसाठी होती. कोंबडी अंड्यांवर बसली की ती खुडूक झाली म्हणतात, म्हणून वाडीने पेटीचंच नाव खुडूक ठेवलं. सेन्सर ऊब मोजून सांगायचा, मेंदू बल्ब लावायचा नाहीतर विझवायचा. पहिली पिल्लं निघाली तेव्हा चिंगी म्हणाली, "खुडूक चांगली हाय. चोच पन मारत नाय." अशी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

मग अनुयाचा नवरा विश्वजीत मध्ये पडला. त्याला अशा पेट्या बनवून विकायच्या होत्या. मला पाहून तो हसला.

"हे काय बाबा आदमच्या जमान्यातलं?" म्हणत त्याने आठ वाटांचा, चकचकीत, भलताच वेगवान शिफ्टर मागवला. "हा ऑटो आहे. कोण बोलतंय ते याला आपोआप कळतं."

"अरे, तो तार वर ढकलतो," अनुया म्हणाली. "या तारांवर ते चालत नाही."

"टेबलावर चाललं ना? मग झालं."

टेबलावर तार वीतभर होती, पेटीत हातभर, आणि लांब तारेवर असे ऑटो गोंधळतात. पण ऑटो म्हटलं की आपली माणसं डोकं बाजूला काढून ठेवतात, मग ते वॉशिंग मशीन असो की शिफ्टर. त्याला माझ्या जागी बसवलं आणि मला उपटून टीव्हीखालच्या खणात टाकलं, गळक्या सेलांच्या शेजारी. तिथे पडून मी एकच मागणं मागत होतो, हा तोंडघशी पडू दे.

आणि पडला. एका सकाळी चिंगी टोपली घेऊन थेट हॉलमध्ये आली आणि मी खणातून सगळं ऐकलं. या खेपेला तिने वाडीतल्या घराघरातून अंडी मागून आणली होती. पिल्लं वाटून घेऊ, असा शब्द दिला होता. शेवटच्या दिवसांत झाकण उघडायचं नसतं, म्हणून ती पेटीवरच्या छोट्या पडद्यावरचा उबेचा आकडा बघून निश्चिंत राहिली. नव्या शिफ्टरच्या ढकलाढकलीत तारांवरचं बोलणं अडकलं होतं. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहिला, अगदी योग्य. बल्ब विझलेला राहिला आणि अंडी गार पडली.

चिंगीने बशी ओढली आणि एक अंडं फोडलं. मला नाक नाही, पण विश्वजीत खिडकीकडे धावला ते ऐकू आलं.

"आपोआप कळतं बोललास ना? मंग पोरं गार पडली ता कसा नाय कळला?"

तिने दुसरं फोडलं.

"वाडीत मला चोर बोलतात. अंडी इकून खाल्ली बोलतात. आता तिसरा तू फोड."

त्याला फोडावं लागलं. आत पिसांसकट तयार झालेलं पिल्लू होतं. मला त्या पिल्लाचं वाईट वाटलं. विश्वजीतचं अजिबात नाही.

अनुयाने खण उघडून मला त्याच्या हातावर ठेवलं. "लाव आता तूच." मला सोल्डर करताना त्याचं बोट चांगलंच भाजलं. मित्रांनो, माझ्या तापलेल्या धातूच्या पायाला कसं धरायचं हे मी त्याला शिकवायला बांधील नव्हतो. पण खरा सूड चिंगीने घेतला. तिने त्याला वाडीत नेलं आणि प्रत्येक दारात उभं करून म्हणायला लावलं, "चूक माझी होती, हिची नाही." बायकांनी ऐकून घेतलं. काहींनी पुन्हा ऐकवायला सांगितलं. मग अंडी दिली.

आता पेटीतून परत चिवचिव येते. तो ऑटो खणात आहे, गळक्या सेलांच्या शेजारी. बरं झालं.

मित्रांनो, आमच्यातला एखादा निवडाल तेव्हा वेगवान कोण, चकचकीत कोण हे मागाहून बघा. आधी तारेची रीत विचारा, आणि मध्ये बसणाऱ्याला दोन्हीकडचं ऐकू येतं का ते बघा. नाही विचारलंत तरी माझी काही हरकत नाही. चिंगीची टोपली अजून शाबूत आहे, आणि तिसरं अंडं ती तुमच्याच हातून फोडून घेईल.