कोरडी बाई

आमच्या कारखान्यात 'कोरडी' म्हणजे शाबासकी. जी बाई सकाळी आठला इस्त्रीपाशी उभी राहते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकदाही बाथरूमला जात नाही, ती कोरडी. इस्त्री विभागात आम्ही चाळीस जणी आणि बाथरूमला जायचा बिल्ला एक, पत्र्याचा, दारामागच्या खिळ्याला टांगलेला. तो गळ्यात घालायचा, जायचं, परत आणून टांगायचा. खिळा रिकामा असेल तर मुकाट उभं राहायचं. जी सारखी उठते तिच्या शर्टांचा ढीग साचतो, आणि ढीग साचला की सुपरवायझर सगळ्यांच्याच डोक्यावर मिरे वाटतो. मी बावीस वर्षं कोरडी. मला त्याचा काय तोरा होता म्हणून सांगू!

त्याच तोऱ्यात मी माझ्या भाचीला कामाला लावलं. बारकी म्हणतो तिला आम्ही, ताईची धाकटी, एकोणीस वर्षांची. पहिल्याच दिवशी तिला बजावलं की घरून निघताना पेलाभर पाणी प्यायचं आणि मग सुट्टीपर्यंत बाटलीकडे बघायचंसुद्धा नाही. ती हसली. मला उंट करतेस का, म्हणाली. मी म्हटलं, आगाऊपणा करू नकोस, शिक. शिकली की! माझ्या वरताण शिकली मेली. सुट्टीतही घोटभरच प्यायची, कारण दुपारी बिल्ल्याला जास्त रांग.

सोमवारी मला बाजूला घेऊन म्हणाली, लघवीला जळजळतंय. मी म्हटलं, होतं सुरुवातीला, जाईल. एवढंच म्हटलं आणि पुढचा शर्ट ओढला.

बुधवारी उकाड्याने नुसता उच्छाद मांडला होता. वाफेच्या चाळीस इस्त्र्या, वर पत्रा, आणि पंखे तीच गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. आम्ही सगळ्या निथळत होतो. बारकीचं कपाळ मात्र कोरडं ठणठणीत. मला वाटलं, पोरगी सरावली. खरं सांगते, मला कौतुक वाटलं! मग दिसलं की ती एकाच शर्टावर तिसऱ्यांदा इस्त्री फिरवतेय. मी ओरडले, लक्ष कुठंय तुझं? तिने माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं.

"मावशी, आज शाळा लवकर सुटली का?"

आणि इस्त्री तशीच शर्टावर ठेवून ती खाली बसली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हात लावला तर अंग तव्यासारखं. आम्ही तिघींनी तिला उचललं, मालाच्या टेम्पोत घातलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. सुपरवायझर मागून काहीतरी ओरडत होता. मी मागे वळले नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसेचना. ओले कपडे अंगावर टाकले, सलाईन लावलं, आणि मग मला विचारलं, हिला लघवी कधी झाली होती? आता मला काय माहीत! चाळीस जणींत कोण कितीदा उठतं याचा हिशोब ठेवणाऱ्या मला, सख्ख्या बहिणीच्या पोरीचं हे माहीत नव्हतं. शेवटी बारकीच पुटपुटली, काल दुपारी.

डॉक्टरीणबाई मला दारात घेऊन गेल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सहापर्यंत लघवी झाली तर मूत्रपिंडं शाबूत आहेत असं धरू. नाही झाली, तर मोठ्या दवाखान्यात हलवायचं. उशीर करायचा नाही."

तेव्हा बारा वाजले होते. एक बाटली गेली, दुसरी लावली. माझं बूड काही एका जागी टेकेना. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून पाण्याच्या पिंपापर्यंत, तिथून पुन्हा खाटेपाशी. नर्स म्हणाली, मावशी, बसा हो, तुम्हाला बघून मलाच चक्कर यायला लागलीय. बसले, लगेच उठले. बारकीला विचारलं, होतेय का? तिने नाही म्हणून मान हलवली. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. ताईचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मी थाप मारली, जरा चक्कर आलीय, विशेष काही नाही. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. ताईला सांगणार तरी काय? तुझ्या मुलीला तहान दाबायला मी शिकवलं?

चार वाजले. साडेचार झाले. ताप उतरला, डोळ्यांत ओळख आली, पण बाकी काही नाही. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून ठेवली, गाडीला फोन करून ठेवला. माझा जीव टांगणीला लागलेला. एवढं पाणी अंगात चाललंय, ते जातंय कुठे?

सव्वापाचला बघितलं तर चादरीखाली तिचे पाय हलत होते. गुडघ्यावर गुडघा आवळलेला, ओठ दाताखाली. ही दाबून धरायची तऱ्हा मला बावीस वर्षं पाठ आहे. मी धावत तिच्याजवळ गेले.

"लागलीय का गं?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग शहाण्या मुलीसारखी, मला बरं वाटावं म्हणून, हसली.

"हो. पण थांबते ना मी, मावशी. जमतं मला आता."

मी खाटेखालचं भांडं ओढलं आणि तिच्या पाठीखाली हात घालून तिला उठवून बसवलं. नको थांबूस, म्हटलं तिला. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.