चिंचेने घासलेली नळी

प्रतिक्षाने पाणी गाळायच्या नळीचं झाकण काढलं आणि आत डोकावून पाहिलं. काल आत दाण्यांचा गच्च थर होता. आज नुसती चिकट पेज.

पवनीजवळच्या या गावात हापशीच्या पाण्यात दात-हाडं खराब करणारं फ्लोराइड उतरतं. ते पकडून ठेवणारे दाणे तिने झिंग्यांच्या टरफलांचा अर्क आणि झिर्कोनियम हा धातू एकजीव करून, दोन वर्षं खपून बनवले होते. आज सरकारी तपासणी. पास झालं तर नळी शाळेच्या हापशीवर कायमची बसणार. नापास, तर गाव योजनेच्या यादीतून बाद.

"मावशी, नळीत काय टाकलं वो?"

"चिंचेचं पाणी," पार्वताबाई कौतुकाने म्हणाल्या. शाळेची खिचडी त्या रांधत, नळीची राखणही त्यांच्याकडेच. "पाहुणे येऊन राहिले न! पाण्याचा पितळेचा गुंड कसा चमकते चिंचेनं!"

आंबट लागलं की हे दाणे विरघळतात. एवढं एकच सांगायचं होतं, आणि ती, एम.एस्सी. झालेली बाई, नेमकं तेच विसरली! भिंतीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नळी रोज स्वच्छ ठेवा.' स्वच्छ म्हणजे चिंच, तिच्या आईच्या घरीही असंच होतं.

बाहेर जीप थांबली. प्रतिक्षाच्या पिशवीत कालच्या शुद्ध पाण्याची बाटली होती. हात तिकडे गेलाही. तेवढ्यात पार्वताबाईंची नात रुपा दिसली, नेहमीसारखी तोंडावर हात धरून हसणारी. बाटली पास झाली असती, आणि उद्यापासून या रिकाम्या नळीचं पाणी रुपा प्यायली असती. प्रतिक्षाला स्वतःची लाज वाटली.

तिने तोटीखालचंच पाणी काचनळीत धरलं. तपासनीस घनश्यामसाहेबांनी औषधाचे थेंब टाकले. गुलाबी राहिलं तर पास. रंग पिवळा झाला.

"नापास." साहेबांनी पेन काढलं. "राखण कोणाची?"

पार्वताबाईंचा चेहरा उतरला.

"चूक माझी," प्रतिक्षा म्हणाली. "काय लावू नये ते मी लिहिलंच नाही. आठ दिवस द्या, नवे दाणे बनवते."

साहेब लिहीतच होते. पार्वताबाईंनी ती काचनळी उचलली, रुपाला जवळ ओढलं, तिचा तोंडावरचा हात खाली केला आणि काच तिच्या दातांशी धरली. दोन्हीकडे तोच पिवळा रंग.

"नळीले चिंच म्याच लावली, साहेब," त्या म्हणाल्या. "पण हे दात म्या नाही रंगवले."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"आठ दिवस," ते म्हणाले. "नववा नाही."