तराजूबाबाचं बाळसं

घाटंजीच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा माणसंच जास्त. तराजूबाबा आले होते ना! चिंचेला टांगलेल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात सरकीची गाठोडी. मागच्या खेपेपेक्षा लेकरू जड भरलं की जयजयकार.

"सरकीनं म्हैस फुगते, माह्या तीर्थानं लेकरू फुगते! शास्त्र हाय बापा!" बाबा ओरडत. शास्त्र म्हणे! म्हशीलाही हसू आलं असतं.

सत्यभामेनं आपली तीन वर्षांची नलू पारड्यात ठेवली. महिन्यात दीड शेर वाढ! बायांनी तिच्या नशिबाचा हेवा केला. ती मात्र लाकडासारखी उभी. मागच्या पौषात तिचा मुलगा गोविंदाही याच तीर्थावर असाच गुबगुबीत झाला आणि गेला. 'धष्टपुष्ट लेकरू देवाले आवडलं,' म्हणून बाबा मोकळे. तेव्हापासून तिला ना रडू येई, ना हसू. नलू तेवढी राहावी, म्हणून ती बाबांचं पथ्य डोळे मिटून पाळत होती. दिवसभर तुरीच्या शेतात राबायचं, पण तुरीचं वरण पोरीला वर्ज्य.

सरकारी दवाखान्यातली नर्स लीलाबाई गर्दी सारत पुढे आली. तिनं नलूच्या नडगीवर अंगठा दाबला नि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"काय खाते ही?"

"साबुदाण्याची पेज अन् बाबाचं तीर्थ. डाळ, दूध, अंडं बंद हाय."

लीलाबाईनं तीर्थ चाखलं आणि थुंकलं. "नुसतं मिठाचं पाणी! अगं, हे बाळसं नाही, सूज आहे. डाळ-दूध नाही म्हणून अंगात पाणी साचलंय, आणि मिठानं ते वाढतंय."

"ऐका! देवापेक्षा नर्सबाई जास्ती शहानी!" बाबा म्हणाले. लोक खदाखदा हसले.

सत्यभामेनं स्वतः नलूच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला; पुन्हा खड्डा. घरी जाऊन तिनं तीर्थ उकिरड्यावर ओतलं. मग रोज पातळ वरण, कुटलेले शेंगदाणे आणि दवाखान्यातून मिळालेली दुधाची भुकटी.

तीन आठवड्यांनी तिनं नलूला पुन्हा तराजूत घातलं. लीलाबाई सोबत होती. पारडं वर गेलं. दोन शेर घट!

"सुकवली न पोट्टी!" बाबा गरजले. "घे तीर्थ, नाही तं हेबी जाईन!"

सत्यभामेचा हात बाबांनी पुढे केलेल्या तीर्थाच्या बाटलीकडे गेलाच होता. तेवढ्यात, जी महिनोन्‌महिने कण्हलीही नव्हती त्या नलूनं भोकाड पसरलं. पारड्यातून उतरली आणि शेजारच्या टोपलीतले शेंगदाणे दोन्ही मुठींनी ओढू लागली.

"घटलं ते पाणी," लीलाबाई म्हणाली. "तराजूला पाणी आणि मांस यातला फरक कळत नाही. आपल्याला तरी कळू दे."

सत्यभामेनं तिच्याकडे पाहिलं. "मंग माहा गोविंदा?"

"तोही सुजलाच होता, बाई."

आता ही रडेल, असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. रांगेत मागे मैनाबाई गुबगुबीत पोरगं कडेवर घेऊन उभी होती. सत्यभामा तिच्याजवळ गेली.

"मैना, याले घरी ने. वरण चार. माहा गोविंदा देवानं नाही नेला. म्या उपाशी ठेवला."

मैनाबाई रांगेतून बाहेर पडली.